वाळवंटातली बकुळ आणि दहा लिटर खडकवासला

एकतीस वर्षं मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक होतो, आणि माझं खरं काम अर्ज त्रुटीत काढणं हे होतं. त्रुटीत काढणं म्हणजे नाकारणं नव्हे. नाकारायला काय, कोणीही नाकारतो. त्रुटी काढायला नजर लागते. सही आहे पण तारीख नाही, तारीख आहे पण जोडपत्र नाही, जोडपत्र आहे पण ते साक्षांकित नाही, असा एकेक पदर सोडवत जावं लागतं. माझ्या निरोप समारंभात प्राचार्य म्हणाले होते, "अभयरावांच्या टेबलावरून पहिल्या फेरीत पुढे गेलेला कागद मी पाहिलेला नाही." लोक हसले. मी ते कौतुक समजलो आणि अजूनही समजतो.

हे आधी सांगण्याचं कारण एवढंच, की पुढच्या प्रवासात ज्या स्वाभिमानाला जागोजाग खरचटलं तो कोणत्या प्रतीचा होता हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

सुरुवात माझ्या मुलीने केली. निकिता हिंजवडीत नोकरी करते. एका रविवारी तिने माझ्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, हातात फोन दिला आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं ते रतनसर बघा. आता पब्लिकसाठी ओपन केलंय. तिकीट काढून कोणीही जाऊ शकतं." फोनमध्ये राजस्थानची वाळू होती, वाळूत एका ठाकुरांची जुनी गढी होती आणि गढीभोवती हिरव्यागार बागा होत्या. नानांनी फोन नाकाला लावून ते सगळं दोनदा पाहिलं. मग फोन परत देत म्हणाले, "माझी बकुळ दाखवली नाही."

ही बकुळ आमच्या घरातल्या सर्वांना तोंडपाठ आहे. नानांनी, पूर्ण नाव हिंदुराव, शेती कॉलेजातून पदविका घेतली आणि बाविसाव्या वर्षी रतनसरच्या बागेचे पर्यवेक्षक म्हणून गेले. जाताना आईच्या अंगणातल्या बकुळीचं रोप डब्यात घालून नेलं आणि गढीच्या आतल्या बागेत लावलं. एकसष्ट सालच्या जुलैत पानशेत फुटलं, खडकवासला फुटलं आणि पुण्याहून तार आली. नानांनी तिथल्या माळ्याला सांगितलं, "दोन दिवसांत येतो. तोवर हिला रोज दोन बादल्या घाल." तेव्हा तिथून पुण्याला पोचायलाच दोन दिवस लागत, पण घाबरलेला माणूस वेळापत्रक बघून बोलत नाही. आजी, म्हणजे नानांची आई, एका शाळेच्या माडीवर सापडली. नदीकाठच्या दोन खोल्या गेल्या होत्या, अंगण गेलं होतं, बकुळही गेली होती. आजीला एकटं सोडून नाना परत गेलेच नाहीत. म्हणजे आजीच्या झाडाचं या जगात काही उरलं असेल तर ते रतनसरला होतं, आणि ते उरलं आहे की नाही हे नानांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"झाडाला सांगून आलो होतो रे," एवढंच ते म्हणत.

आता नाना शहाऐंशीचे आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की जे काही बघायचं असेल ते या हिवाळ्यात बघून घेऊ द्या. डॉक्टर हलक्या आवाजात बोलले होते, पण नानांचे कान ठणठणीत आहेत.

गढीच्या बाहेरच्या बागा तिकिटावर खुल्या होत्या. आतली बाग बंद होती आणि तिथे जायला गढी चालवणाऱ्या न्यासाची लेखी परवानगी लागत होती. अर्ज करायचा म्हटल्यावर माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. मी विषय लिहिला, संदर्भ लिहिला, समास सोडला. तेजस्विनीला, म्हणजे पत्नीला, वाचून दाखवला. ती म्हणाली, "फार छान. पाठवा आता." आठ दिवसांनी उत्तर आलं. अर्ज त्रुटीत काढला होता.

त्रुटी तीन होत्या. अर्जदाराचे वडील येथे नोकरीस असल्याचा पुरावा जोडलेला नाही. भेटीचे प्रयोजन 'झाड पाहणे' असे नमूद केले आहे, तरी झाडाशी असलेले नाते स्पष्ट करावे. अर्जावर तारीख नाही.

मी ते पत्र तीनदा वाचलं आणि माझा अर्ज चारदा. तारीख नव्हती. तेजस्विनीनेही चष्मा लावून खात्री करून घेतली आणि भाजी परतायला आत गेली. आतून हसण्याचा आवाज आला नाही, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत.

पुरावा नानांनी स्वतःच काढला. कपाटात शालीच्या घडीत ती तार होती. बागेचे पर्यवेक्षक, रतनसर, असा पत्ता आणि खाली तीन वाक्यं. पुणे पाण्यात. आई हरवली. लगेच ये. आजी जिवंत सापडल्यावर दुसरी तार करून उपयोग नव्हता, कारण तोवर नाना गाडीत बसले होते. म्हणजे दोन दिवस त्यांनी तेवढ्या तीन वाक्यांवर प्रवास केला. हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तारेची झेरॉक्स काढताना मी दुकानदाराला उगाचच म्हणालो की जरा हळू.

नात्याचा रकाना मात्र अडला. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष उत्तरेश्वरराव यांना कुठलाही प्रश्न ऐकू आला की ते वर येतात. ते म्हणाले, "पालक लिहा."

"कोण कोणाचं?"

"तेही खरंच." त्यांनी चहा संपवला. "मग 'परिचित' लिहा. परिचितात सगळं बसतं."

नाना खिडकीपाशी बसले होते. म्हणाले, "माझ्या आईने वाढवलेली. माझ्या पाठची. धाकटी बहीण लिही."

मी तसं लिहिलं, तारीख घातली, आणि परवानगी आली. अर्जदाराचे वडील आणि सोबत एक मदतनीस. नात्याबद्दल न्यासाने अवाक्षर काढलं नाही.

मग नानांनी अट घातली. खडकवासल्याचं पाणी बरोबर घ्यायचं, दहा लिटर.

कोणत्याही दुसऱ्या शहरात या अटीवर प्रश्न विचारला गेला असता. आमच्या सोसायटीत कोणीही विचारला नाही. पुण्याचा माणूस परमुलखात गेला की पहिली तक्रार पाण्याची करतो, तेव्हा म्हातारा माणूस पाणी बरोबर नेतो आहे यात लोकांना दूरदृष्टीच दिसली. उत्तरेश्वरराव तर म्हणाले की दहा कमी पडतील. मीही धरून चाललो की नाना ते पिणार. विमानात एवढं पाणी नेऊ देत नाहीत म्हणून विमान रद्द झालं. आम्हा तिघांचं जोधपूरचं आरक्षण आठवड्यातून एकदाच्या गाडीत मिळालं, आणि निघायचा दिवस गुरुवार आला. त्या गुरुवारी आमच्या भागात पाणी बंद होतं.

"बुधवारी भरून ठेवू," मी म्हणालो आणि बुधवारी कॅन भरून ठेवला. नानांनी चमचाभर जिभेवर घेतलं आणि थुंकलं.

"बोअरचं आहे."

"नाना, टाकीतलं आहे."

"टाकीत बोअरचं मिसळलंय. विचार त्या अध्यक्षाला."

उत्तरेश्वरराव जिन्यातच होते. ते म्हणाले की थोडंसं मिसळतात, चवीला कळत नाही. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. आम्ही निघेपर्यंत अध्यक्ष पुन्हा वर आले नाहीत.

कॅन मकसूदभाईंच्या दुकानातला होता. बिबवेवाडीच्या चौकात त्यांचं पाण्याच्या टाक्या आणि पिंपांचं दुकान आहे. माझी अडचण ऐकून त्यांनी दुकान मुलावर सोपवलं आणि टेम्पो काढला. "अभयराव, नळाचा नाद सोडा. जिथलं पाणी आहे तिथेच जाऊ," असं म्हणत त्यांनी नानांना पुढे बसवलं. मी मागे, पिंपांबरोबर बसलो. माजी अधीक्षकाने गुरुवारी सकाळी पिंपांना धरून सिंहगड रस्ता कापणं हे फारसं शोभत नाही, पण ओळखीचे तिघेच भेटले.

धरणाच्या काठी मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कॅन बुडवला आणि मागून शिट्टी वाजली. शिट्टीवाल्याने विचारलं, "परवानगी हाय का?"

"पाणी भरायला?"

"पाण्यात उतरायला. बोर्ड वाचला न्हाई का?"

बोर्ड होता. मी, ज्याने आयुष्यभर लोकांना फलक वाचून मग खिडकीशी या असं सांगितलं, तो बोर्डाला पाठ करून पाण्यात उभा होतो. मकसूदभाई पुढे झाले. ते म्हणाले, "दादा, एकसष्ट साली या पाण्याने यांचं घर नेलं. आज ते दहा लिटर परत घ्यायला आलेत. काय म्हणता?"

शिट्टीवाल्याने नानांकडे बघून शिट्टी खिशात घातली. मग म्हणाला, "भरा बिगीबिगी. अन् बाबांना काठाला येऊ देऊ नका, घसरतंय."

मकसूदभाईंनी कॅनला ओलं गोणपाट गुंडाळून दिलं, पाणी गार राहावं म्हणून. त्या गोणपाटाने रेल्वेत आमची अब्रू घालवली. कॅन वरच्या बर्थवर ठेवला होता आणि खाली एक बाई झोपल्या होत्या. गोणपाट त्यांच्यावर सुरतेपर्यंत ठिबकत राहिलं. त्या उठल्या तेव्हा मी माफी मागितली, तेजस्विनीने आपली शाल दिली आणि नाना शांतपणे म्हणाले, "पाणी चांगलं आहे."

मी नानांसाठी पेला भरायला गेलो तर त्यांनी हात धरला. "ते नको. स्टेशनावरची बाटली आण."

"मग हे कशाला उचललंय आपण?"

"तिच्यासाठी," नाना म्हणाले. "दोन दिवसांत येतो म्हणालो होतो. रिकाम्या हाताने जाऊ?"

मी पेला परत पिशवीत ठेवला. मग नाना बराच वेळ झाडांना पाणी कसं घालावं यावर बोलत राहिले. रोप असताना रोज थोडं घालावं. पण झाड झालं की हात आखडायचा, आठवड्यातून एकदा आणि खोल पोचेल असं. रोज वरच्यावर मिळालं की मुळं आळशी होतात, खाली जातच नाहीत. खिडकीबाहेर त्यांना फारसं दिसत नसणार, तरी ते बाहेर बघूनच बोलत होते. मधेच मला विचारलं, "असेल ना रे?" मी असेल म्हणालो. माझ्याकडे त्याचा कोणताही पुरावा नव्हता.

रतनसरच्या बाहेरच्या बागा खरोखर देखण्या आहेत. चारी बाजूंना वाळू, आणि मधे कण्हेरीचे ताटवे, डाळिंबं, दगडी पाट, त्यातून झुळझुळणारं पाणी. शाळांच्या सहली आल्या होत्या. परवानगीत दोघांचीच नावं असल्यामुळे तेजस्विनी तिकीट काढून बाहेरच्या बागेत बाकावर बसली, आणि पूर्ण प्रवासात तिचाच अर्धा दिवस सुखाचा गेला.

आतल्या बागेच्या दारापाशी टेबल होतं आणि टेबलामागे एक कारकून होता. त्याने आमचं परवानगीपत्र उजेडात धरलं, मागून पाहिलं, पुढून पाहिलं, नानांचं ओळखपत्र पाहिलं. त्याच्या बोटांची ती संथ चाल बघून मला माझा तरुणपणीचा फोटो पाहिल्यासारखं वाटलं. मग त्याने कॅनकडे बोट केलं. "बाहर का पानी अंदर मना है."

मी सांगितलं की हे पिण्याचं नाही. तो म्हणाला, तर मग कशाचं आहे ते लिहून द्या. मी उभ्याउभ्या हिंदीत अर्ज लिहिला. विषय, झाडास पाणी घालणेबाबत. त्याने शांतपणे वाचला आणि परत सरकवला.

"तारीख नहीं है."

मी ती कशी घातली ते मला विचारू नका. पुढे त्याने सांगितलं की आता यावर व्यवस्थापकांची सही लागेल आणि व्यवस्थापक जेवायला गेले आहेत. तेवढा वेळ नाना काठीवर भार देऊन उभे होते. बसा म्हटलं तर बसेनात. दाराच्या फटीतून आत काही दिसतं का ते बघत होते.

इतक्यात आतून एक माळी आला. साठी ओलांडलेला, डोक्याला पागोटं, हातात खुरपं. त्याने विचारलं काय भानगड आहे. कारकुनाने सांगितलं की हे पूनाहून आले आहेत, झाडाला घालायला पाणी घेऊन. माळ्याने खुरपं खाली ठेवलं.

"पूना से? कौनसे पेड़ को?"

"बकुळ," नाना म्हणाले. "तुम क्या बोलते हो उसको... मौलसरी."

माळी नानांच्या पायाशी वाकला. मग उठून त्याने कॅन स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि कारकुनाला म्हणाला, "यह माली का सामान है." माळ्याच्या सामानाला परवानगी लागत नव्हती. कारकून नियम आठवून पाहत राहिला, त्याला सापडेना, आणि आम्ही आत गेलो. पळवाट निर्दोष होती. मनातल्या मनात मी त्या माळ्याला सलाम केला.

त्याचं नाव भंवरलाल. त्याचे वडील किसनाराम म्हणजे नानांनी ज्याला दोन बादल्या सांगितल्या तो माळी. भंवरलाल पुढे आणि आम्ही मागे. लिंबाच्या रांगा गेल्या, विहीर गेली. पाट सरळ येत होता आणि एके ठिकाणी त्याने अचानक वळण घेतलं, एका मोठ्या गोल आळ्याला वळसा घातला आणि पुन्हा सरळ निघून गेला. भंवरलाल तिथे थांबला.

आळ्यात झाड नव्हतं. माती ओली होती, त्यात पाणी साचलं होतं आणि दोन लांडोरी ते पीत होत्या.

नानांनी काठीने पुढे चाचपलं. त्यांना खोड लागेना. "कुठे आहे रे?" त्यांनी मला विचारलं. एकतीस वर्षं मी लोकांना तोंडावर त्रुटी सांगितल्या आहेत, पण इथे मी फक्त त्यांची काठी धरून आळ्याच्या कडेला टेकवली.

भंवरलालने सांगितलं. मौलसरी पस्तीस वर्षं जगली. माणसाच्या मिठीत न मावेल एवढी झाली. फुलांच्या दिवसांत ठकुराणी इथेच खाट टाकायच्या. पाट बांधायला घेतला तेव्हा झाड आड येत होतं, किसनाराम आडवा झाला आणि पाट वळवावा लागला. मग एका उन्हाळ्यात मोठं वादळ आलं आणि एका रात्रीत झाड मुळासकट उपटलं.

"जड़ें?" नानांनी विचारलं. "जड़ें कैसी थीं?"

"ऊपर-ऊपर ही थीं, बाबूजी. इतना बड़ा पेड़, और जड़ें बस हाथ भर."

"पानी कितना देते थे?"

भंवरलालला प्रश्नच कळला नाही. "दो बाल्टी, बाबूजी. रोज़. आपने जो बोला था." बापाने पस्तीस वर्षं एक दिवस चुकवला नव्हता. पाऊस पडला तरी घातल्या, घरात लग्न असलं तरी घातल्या. झाड पडल्यावर किसनारामने विचार केला की हुकूम तर मागे घेतलेला नाही. बाबूजी येऊन जागा विचारतील. म्हणून आळं ठेवलं आणि पाणी चालू ठेवलं. मरताना मुलाला तेवढंच सांगितलं. मोर पितात, वाया जात नाही.

मी नानांकडे बघितलं. गाडीत ऐकलेलं सगळं मला आठवत होतं, आणि त्यांनाही आठवत होतं हे त्यांच्या हातातल्या काठीवरून दिसत होतं. रोपाला सांगितलेलं पाणी झाडाला मिळत राहिलं. पुढचं सांगायला कोणी आलंच नाही. कोणाचीच चूक नव्हती आणि चूक कोणाची हे नानांना पक्कं ठाऊक होतं. ते आता भंवरलालला मुळांबद्दल सांगतील असं मला वाटलं. नानांनी आयुष्यात कोणाची चूक सोडलेली नाही.

नाना म्हणाले, "बहुत अच्छा संभाला. तेरे बाप ने बहुत अच्छा संभाला."

मग ते आळ्याच्या कडेला खाली बसले. बसायला त्यांना वेळ लागला. भंवरलालने कॅन तिरका धरला आणि नानांनी त्याखाली ओंजळ धरून पाणी आळ्यात सोडलं, ओंजळीमागून ओंजळ, दहा लिटर संपेपर्यंत. लांडोरी बाजूला सरून बघत होत्या. मी नानांचा खांदा धरून उभा होतो, आणि रडू आलं तेव्हा आवरलं नाही. आतल्या बागेत तसंही कोणी नव्हतं.

पाणी संपल्यावर भंवरलालने पागोटं सारखं केलं आणि हात जोडून विचारलं, "बाबूजी, अब आप आ गए. अब क्या हुकुम है?"

त्याचं बरोबर होतं. हुकूम 'येईपर्यंत' असा होता, आणि नाना आले होते. म्हणजे तो संपला होता. मी इतक्या वर्षांच्या सवयीने हे ताडलं, पण त्रुटी काढली नाही. नानांनी त्या ओल्या मातीकडे बघितलं, निदान त्या दिशेला. मग माझा हात धरून उठले, धोतर झटकलं आणि निघता निघता मागे न वळता म्हणाले, "दो दिन में आता हूँ."

"जी, बाबूजी," भंवरलाल म्हणाला, आणि बादली घेऊन विहिरीकडे गेला. आमचं पाणी त्याने हिशेबात धरलं नव्हतं. त्या दिवसाच्या दोन बादल्या अजून घालायच्या होत्या.